चोरीची गाडी, नुकसान कुणाच्या माथी?

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील एका तरुण कापड व्यापाऱ्याचा टेंपो पहाटे चोरीला गेला. चोराने तो भरधाव नेला आणि सायकलवरून कामाला निघालेल्या एका यंत्रमाग कारागिराला उडवले. कारागिराचा पाय मोडला. टेंपो सापडला, चोरही पकडला गेला. पुढे या व्यापाऱ्याच्या हाती ट्रायब्यूनलची नोटीस पडली. घाबरून तो आमच्याकडे आला. "चाचा, गाडी माझी गेली, ठोकर चोराने मारली, आणि भरपाई मी द्यायची?"

त्याचा प्रश्न रास्त होता. पण मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, म्हणून नोटीस आधी त्याच्याच नावाने निघते. (गाडी विकून नाव न बदलणाऱ्या बांधवांनी हे नीट ध्यानात घ्यावे. 2018 साली नवीन कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने जुन्या, नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले.)

नोटीस आली म्हणजे पैसे आपल्या खिशातून जाणार असे मात्र नाही. थर्ड पार्टी विमा हा मालकाच्या सोयीसाठी नसून रस्त्यावरच्या जखमी माणसासाठी आहे. कंपन्या सहसा म्हणतात, चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हते, सबब आम्ही जबाबदार नाही. चोराकडे लायसन्स असायचे कोठून? 2003 साली लेहरू खटल्यात सुप्रीम कोर्टाने नेमके हेच उदाहरण घेऊन सांगितले की, चोराकडे लायसन्स नव्हते म्हणून कंपनीला अंग काढता येणार नाही. शर्त मोडली ती मालकाने, हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे.

याची सुरुवात 1987 च्या स्कँडिया खटल्यापासून झाली. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून, ट्रक क्लीनरच्या हवाली करून खाण्याचे पदार्थ आणायला गेला. क्लीनरने ट्रक चालवला आणि माणूस दगावला. मालकाने लायसन्सवाला ड्रायव्हर ठेवला होता, त्याचा कसूर नाही, म्हणून भरपाई कंपनीवर आली. परंतु दुकानातल्या बिनलायसन्सच्या पोराला मालकानेच जाणूनबुजून चावी दिली असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे कंपनी जखमीला पैसे देऊन मालकाकडून वसूल करू शकते. हे आपल्याकडे रोज घडते, म्हणून मुद्दाम लिहितो.

चोरी झाली हे सांगून भागत नाही, कागद लागतो. त्याच दिवशी पोलिसात फिर्याद द्या, नक्कल जपून ठेवा, कंपनीला लेखी कळवा. 2020 च्या गुरशिंदर सिंग खटल्यात ट्रॅक्टरमालकाने फिर्याद त्याच दिवशी दिली होती, कंपनीला मात्र 52 दिवसांनी कळवले. तरीही त्याचा चोरीचा क्लेम मान्य झाला, तो फिर्याद वेळेवर होती म्हणून.

चोरीच्या गाडीने कुणाचे दुकान पाडले तर? ते नुकसानही थर्ड पार्टीतच येते, पण त्याला मर्यादा असते. मोटार, टेंपोच्या पॉलिसीवर ती सहसा साडेसात लाख असते. थोडा हप्ता वाचवण्यासाठी ती 6,000 रुपयांवर आणलेल्या पॉलिसीही आम्ही पाहिल्या आहेत. आपला कागद काढून वाचा.

विमा जायज की नाजायज, हा उलेमांचा विषय, आम्ही त्यात पडत नाही. कायद्याच्या कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी सक्तीची आहे. नसेल तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. शिवाय भरपाईचा दावा लढायला मालक एकटा.

आमच्या त्या व्यापाऱ्याची पॉलिसी चालू होती, फिर्यादही त्याच सकाळची होती. कारागिराची भरपाई कंपनीने भरली. टेंपोचा चेंदा झालेला पुढचा भाग मात्र त्याला पदरमोड करून दुरुस्त करावा लागला, कारण पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची होती.