हृदयाचे चित्र आणि उद्याचा अंदाज

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हृदयाविषयी लिहायचे म्हणजे काव्यातल्या हृदयाविषयी, असा एक समज आहे. परंतु छातीच्या पिंजऱ्यात मिनिटाला साधारण ७० वेळा धडधडणाऱ्या, मुठीएवढ्या स्नायूचा प्रश्न केवळ विज्ञानशाखेचा नव्हे. तो समाजाचाही आहे. शहापूर व मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांपुरता विचार केला तरी हे पटावे. हृदयाची प्रतिमा पाहून रुग्णाच्या उद्याचा अंदाज कसा बांधतात आणि तो अंदाज आपल्या कितपत कामी येतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धोका कोणाला?

‘शेतात राबणाऱ्याला हृदयविकार होत नाही’ ही आपल्याकडची जुनी समजूत. तिला पहिला धक्का आकडेवारीने दिला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची पाहणी सुरू झाली व ती वर्षानुवर्षे चालली. रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. पुढे २००४ साली ५२ देशांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेह, पोटावरची चरबी, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव हेही धोके मोजले गेले. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो असे दिसले. म्हणजे ऐन कर्त्या वयात! आपल्याकडे त्यात तंबाखूची भर आहे. मिश्री लावणारी आजी स्वतःला व्यसनी समजत नाही. पण तंबाखू तो तंबाखूच.

जहाजाच्या कारखान्यातून दवाखान्यात

धोके मोजता आले, तरी जिवंत माणसाचे हृदय आतून कसे पाहावे? स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली डॉ. इंगे एडलर व भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्‌झ यांनी त्यावर युक्ती काढली. धातूतील तडे शोधण्यासाठी जहाजाच्या कारखान्यात वापरले जाणारे ध्वनिलहरींचे यंत्र त्यांनी मागून आणले आणि हृदयाकडून परत येणारा प्रतिध्वनी टिपला. आज ज्याला आपण ‘टू-डी एको’ म्हणतो, त्याचे हे मूळ. त्यात ना सुई, ना क्षकिरण.

या चित्रावरून डॉक्टर एक साधा हिशेब करतात. डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती रक्त बाहेर फेकले जाते? निरोगी हृदयात हे प्रमाण शेकडा ५५ ते ७० असते. ते ४० किंवा त्याखाली गेले, तर हृदय दुबळे झाले असे समजतात आणि प्रमाण जितके कमी तितका पुढचा धोका अधिक. सी.टी. स्कॅनने हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेले कॅल्शियमही मोजता येते. मात्र तो आकडा शून्य आला म्हणून तंबाखू खायला मोकळीक मिळाली, असे कोणी समजू नये.

दुखऱ्या घशापासून झडपेपर्यंत

आपल्या भागाला अधिक लागू पडणारे उदाहरण लहान मुलांचे आहे. एका विशिष्ट जंतूमुळे मुलाचा घसा दुखतो. उपचार झाले नाहीत तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. सांधे पुढे बरे होतात. पण हृदयाची झडप कायमची बिघडू शकते. दाटीवाटीच्या घरात राहणाऱ्या गरिबांचा हा आजार. झडप थोडी बिघडलेली असेल तर ती छातीला नळी लावून ऐकू येईलच असे नाही. एकोत मात्र दिसते.

येथे भविष्य नुसते कळत नाही, ते बदलताही येते. युगांडात अशी छुपी विकृती आढळलेल्या ८१८ मुलांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळाले, त्यांच्यात दोन वर्षांत शेकडा ०.८ मुलांचा आजार वाढला; ज्यांना मिळाले नाही, त्यांच्यात शेकडा ८.२ मुलांचा. चित्र तेच, पण सुईची तारीख पाळल्याने निकालात दहापट फरक!

आपल्या तालुक्यांत

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथे झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. जन्मजात हृदयदोष व झडपेचा हा आजार, दोन्ही त्याच्या यादीत आहेत. योजना चांगली आहे; अडचण पुढच्या पायरीवर येते. डोळखांब वा टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावरील मुलाला ‘एको करून आणा’ असे सांगितले, की बापाची दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते आणि ‘पोर तर खेळतंय, मग कशाला?’ असे म्हणून कागद आढ्याला खोचला जातो. भातसा-तानसाचे पाणी शहापुरातून मुंबईपर्यंत बिनचूक पोहोचते. मुंबई-ठाण्याकडचा उपचार मात्र उलट दिशेने पाड्यापर्यंत पोहोचताना वाटेत अडखळतो.

सारांश, चित्र उद्याचा अंदाज सांगते. उद्या घडवते ती त्यानंतरची नियमितता. रक्तदाबाची रोजची गोळी, सोडलेली मिश्री, न चुकलेले इंजेक्शन ही कामे कोणत्याही यंत्राने होत नाहीत. आपण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडतो, बंधारे घालतो. त्याच गावात ज्या मुलाला इंजेक्शन सुरू आहे, त्याची पुढची तारीख आशाताईंना विचारून घेऊन त्याच्या घरी आठवण करून देणे, हे काम कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही सहज जमेल. हृदयावर लिहिण्याचा अधिकार आपल्याला त्यातूनच मिळेल.