कार्यालयीन कागदपत्रांसाठी लेखणी व शाईची निवड

जन्मनोंद, घरपट्टीची नोंदवही, ग्रामसभेचे इतिवृत्त, शाळेची प्रवेश नोंदवही हे कागद लिहिणाऱ्याच्या हयातीनंतरही लागतात. वाळवंटी नदीच्या काठी वसलेल्या साखळीसारख्या गावी पावसाळ्यात कपाटातील कागदही दमट होतो. अशा हवेत नोंद कोणत्या शाईने केली, यावर कित्येकदा नातवंडांचा हक्क शाबीत होणे अवलंबून असते. तरीही हाताला लागेल ती लेखणी उचलण्याची सवय सर्वत्र आढळते.

रंग आणि टिकाऊपणा या दोन निराळ्या बाबी आहेत. जुने मोडी कागद काजळाच्या शाईचे. काजळ म्हणजे कोळसाच. तो उन्हाने विटत नाही, मात्र ओल लागल्यास अक्षर पुसले जाऊ शकते. पोर्तुगीज अमदानीतील दप्तरांत हिराकस व मायफळ यांपासून केलेली लोहयुक्त शाई दिसते. ती कागदाच्या तंतूंत मुरते व हवेने काळी पडते. परंतु आम्ल अधिक झाल्यास अक्षराखालचा कागदच करपून झडतो. दौतीतील निळी-काळी शाई याच जातीची असून तिच्यासाठी भारतीय मानक क्रमांक २२० आहे. साधी निळी, लाल वा हिरवी शाई केवळ रंगद्रव्याची असते. पाण्याचा थेंब पडताच ती पसरते, आणि लाल तर उजेडात लवकर फिकी पडते.

बॉलपेनची शाई तेलयुक्त असल्याने पाण्यास दाद देत नाही, पण दीर्घकाळ उजेडात राहिल्यास विटते. अभिलेखासाठी बॉलपेन घ्यावयाचे असल्यास वेष्टनावर ‘आयएसओ १२७५७-२’ आणि जेल पेन असल्यास ‘आयएसओ २७६६८-२’ हा दस्तऐवजी वापराचा उल्लेख पाहावा. घासून पुसता येणाऱ्या पेनांना कार्यालयात थारा देऊ नये. त्यांचे अक्षर उष्णतेने नाहीसे होते; इस्त्री फिरवली तरी पुरे!

आता रंगाविषयी. केंद्र शासनाच्या कार्यालयीन कार्यपद्धती पुस्तिकेच्या २०१५ च्या आवृत्तीनुसार लेखन काळ्या वा निळ्या शाईत करावयाचे असून हिरवी अथवा लाल शाई सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांनी, तीही क्वचितच वापरावयाची आहे. हिरवी सही असल्याखेरीज साक्षांकन ग्राह्य नाही, ही समजूत मात्र गावोगाव रूढ आहे. सही निळी आहे म्हणून पेडण्याहून वा डिचोलीहून आलेल्या अर्जदारास दुसरी फेरी घालावयास लावण्यापेक्षा नाव, पदनाम, शिक्का व तारीख तपासणे अधिक इष्ट होय. निळ्या सहीचा एक व्यवहारी लाभ असा की, काळ्या छायाप्रतीपासून मूळ प्रत चटकन ओळखता येते. मजकूर मात्र काळा असावा. त्याची छायाप्रत स्पष्ट निघते.

चुकलेल्या नोंदीवर पांढरा द्रव फासू नये. चुकीचा शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी योग्य शब्द लिहावा आणि तारखेसह लघुस्वाक्षरी करावी.

शिक्षकांना वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एकाच कागदावर पाच प्रकारच्या लेखण्यांनी तेच नाव लिहावे व त्याच्या तीन पट्ट्या कापाव्यात. एक रात्रभर पाण्यात ठेवावी, दुसरी महिनाभर उन्हाच्या खिडकीत लावावी, तिसरी वहीत मिटून ठेवावी. महिन्याअखेर तिन्ही शेजारी मांडून कोणते नाव वाचता येते ते मुलांनीच सांगावे, आणि शक्य तर त्या पट्ट्या पंचायतीच्या कारकुनासही दाखवाव्यात.