रिकाम्या पाइपातली दोरी

सांगलीचं आमचं घर वडिलांनी १९८४ साली बांधलं. इंटरनेटची जोडणी खाली बैठकीत, माझी कामाची खोली वर गच्चीला लागून. बैठकीत व्यवस्थित चालणारं वायफाय माझ्या टेबलापर्यंत येता येता दमायचं. गेल्या मे महिन्यात ठरवलं की खालून वर सरळ केबल ओढायची. काम दोन दिवसांचं धरलं होतं, लागले तीन आठवडे. तेवढ्या काळात जे कळलं ते असं.

१. वेग कमी नव्हताच, आड भिंती होत्या. दोन वर्षं मी जास्त वेगाची, जास्त पैशांची योजना घेत राहिलो. एकदा लॅपटॉप राऊटरशेजारी ठेवून मोजलं, तर २०० एमबीपीएस पुरेपूर मिळत होते. तोच लॅपटॉप वर नेला, तर जेमतेम २०. मध्ये नऊ इंची विटांच्या भिंती आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब. हे मोजायला पाच मिनिटं पुरली असती. मी मात्र दोन वर्षं दोष बाहेर शोधत होतो.

२. घराची खरी मापं केबल सांगते. बैठकीपासून माझं टेबल सरळ रेषेत नऊ मीटर. केबल लागली सव्वीस मीटर, कारण ती कोपरे धरून, तुळईला वळसा घालून जाते. शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा घरात लांबीची काळजी नाही. काळजी शेजाराची. आमचे वायरमन म्हणाले, “दादा, लाइटच्या पाइपातून ही नेऊ नका.” विजेच्या तारांना समांतर गेली तर त्यांचा उपद्रव पोचतो, शिवाय ते धोक्याचंही. जिथे ओलांडणं भाग होतं, तिथे आम्ही काटकोनात ओलांडलं.

३. तांब्याचा रंग म्हणजे तांबं नव्हे. पहिली केबल मी भाव पाहून आणली. एक तार वाकवली तर तुटली. ब्लेडने खरवडली, तर आत पांढरट अॅल्युमिनियम, वर नुसता तांब्याचा मुलामा. अशी तार ठिसूळ असते आणि विजेला विरोधही जास्त करते. शुद्ध तांब्याची कॅट-६ केबल दुसऱ्यांदा आणावी लागली. तेव्हापासून दुकानात आधी खरवडून बघतो.

४. आपल्याला नीटनेटकं वाटतं ते बरोबर असेलच असं नाही. केबलमध्ये आठ तारा, दोन-दोन एकमेकींत पिळलेल्या अशा चार जोड्या. आरजे-४५ च्या प्लगमध्ये मी त्या जोडीजोडीने ओळीत बसवल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी सारख्या. टेस्टरचे आठही दिवे लागले, तरी जोडणी सारखी तुटत राहिली. मग समजलं, तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची असावी लागते. म्हणून प्रमाण क्रमात हिरवी जोडी फाकवून तिच्यामध्ये निळी बसवतात. बाहेरून आलेला गोंगाट पिळाच्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच उमटतो आणि पलीकडचं यंत्र त्या दोघींतला फरकच तेवढा वाचतं. मी तो पीळ मोडला होता. तार सलग आहे एवढंच टेस्टर सांगतो. तिची जोडीदार कोण, हे त्याला दिसत नाही.

५. थोडं कमी मिळतंय म्हणून समाधान मानू नये. प्लग पुन्हा बसवल्यावर वेग आला ९४. आधीच्या वीसपुढे तो मला डोंगराएवढा वाटला आणि चार दिवस मी खूश होतो. पण हा आकडा हटेचना. शंभरच्या वेगाला चारच तारा लागतात. त्यापुढच्या वेगासाठी १९९९ साली प्रमाणित झालेलं गिगाबिट आठही तारा वापरतं. माझी तपकिरी तार प्लगच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती, म्हणून यंत्रांनी मुकाट्याने शंभरवर भागवून घेतलं होतं. प्लग कापून नवा बसवला आणि २०० आले.

६. मोकळं टोक दिसलं की हात शिवशिवतो. वर माझ्या खोलीत केबलला फाटे फोडणारा नेटवर्कचा स्विच आहे. त्याच्याजवळ एक केबल लोंबत होती, मी ती त्यात खोचली. क्षणात सगळ्या घराचं इंटरनेट बंद. त्या केबलचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. सर्वांसाठी निघालेला एकेक निरोप त्या वर्तुळात फिरत राहिला, वाढत गेला आणि दुसऱ्या कशालाच वाट उरली नाही. यावरचा उपाय संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ सालीच शोधून ठेवला आहे, पण घरगुती साध्या स्विचमध्ये तो बहुधा नसतो. आता प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच आकडा चिकटवला आहे.

७. ही केबल वर गेली कशी, ते शेवटी सांगतो. स्लॅबला भोक पाडायचं माझ्या जिवावर आलं होतं. वायरमनना गच्चीच्या कठड्याशी एका पाइपाचं तोंड दिसलं. आत नायलॉनची दोरी, वरच्या खिळ्याला गाठ मारलेली. खालचं टोक बैठकीतल्या एका बंद पेटीत निघालं. टीव्हीच्या अँटेनाची वायर वेगळ्या पाइपातून गेलेली आहे, हा पाइप जादा होता. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. घर बांधताना त्यांना इंटरनेट ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. पुढे काहीतरी लागेल, एवढंच त्यांनी धरलं असावं. मुलाम्याची केबल मला भिंत न फोडता बदलता आली, तीही या पाइपामुळेच.

दुसरी केबल ओढताना तिच्यासोबत एक नवी दोरी आत सोडली. वरची गाठ त्याच खिळ्याला आहे.