अवकाश-संशोधनातील संगणक आणि कंत्राटदार

कंत्राटदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्ते, पूल आणि धरणे उभी राहतात. चंद्राकडे वा मंगळाकडे जाणारे यानही बहुतांशी कंत्राटानेच घडते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. अमेरिकेची ‘नासा’ ही शासकीय संस्था 1958 साली स्थापन झाली. तेव्हापासून तिच्या खर्चाचा फार मोठा भाग खासगी कंपन्या व विद्यापीठे यांच्याकडून काम करवून घेण्यात गेला आहे. पासाडेना येथील सुप्रसिद्ध जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळादेखील नासासाठी कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्था करारानेच चालवते.

धातूच्या सांगाड्याचे माप घेता येते. तो आराखड्याबरहुकूम आहे की नाही, हे परीक्षकास पट्टी लावून सांगता येते. संगणकास पुरवावयाच्या आज्ञावलीचे तसे नाही. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि सदोष असली तरी बराच काळ बिनतक्रार चालत राहते. असे काम दुसऱ्यावर सोपवावयाचे तर ते तपासण्याइतकी जाण सोपविणाऱ्यापाशी हवी. नासापुढे ही अडचण आरंभापासूनच होती.

अपोलो योजनेतील पहिले मोठे कंत्राट ऑगस्ट 1961 मध्ये दिले गेले, ते अग्निबाणाचे नसून यानाच्या मार्गदर्शन-यंत्रणेचे होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेने संगणकाची रचना केली व आज्ञावली लिहिली. प्रत्यक्ष यंत्रे रेथिऑन कंपनीने बांधली. या संगणकाची कायम स्मृती अक्षरशः विणलेली असे. बारीक तार चुंबकीय कड्यातून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. हे काम कारखान्यातील स्त्री-कामगार हातांनी करीत. एकदा विणलेल्या स्मृतीत दुरुस्ती करणे अतिशय कष्टाचे असल्याने आज्ञावली उड्डाणाच्या कितीतरी आधी कायम करावी लागे. एकंदर जागा 36,864 शब्दांची. आणि 1966 साली असे दिसून आले की आज्ञावली त्या जागेत मावत नाही. नासाच्या ह्यूस्टन केंद्रातील बिल टिंडल यांच्याकडे तेव्हा या कामाची देखरेख होती. कोणता भाग ठेवावा, कोणता गाळावा, याचा निवाडा त्यांनी प्रयोगशाळेतील लोकांसमवेत बसून केला. नुसती देयके मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यास हे साधले नसते.

पुढे अवकाश-विमानाच्या वेळी नासाने वेगळी तजवीज केली. विमानात पाच संगणक होते. चारांवरील मुख्य आज्ञावली आयबीएमने लिहिली; पाचव्यावरील राखीव आज्ञावली मुद्दाम रॉकवेल या निराळ्या कंपनीकडून लिहवून घेतली, जेणेकरून एकाची चूक दुसऱ्यात उतरू नये. 10 एप्रिल 1981 रोजी पहिल्या उड्डाणाची वेळ आली, आणि राखीव संगणकाची मुख्य संगणकांशी कालमेळ साधेना. मुख्य आज्ञावलीत पूर्वी केलेल्या एका किरकोळ बदलामुळे यंत्रे सुरू करताना सदुसष्टांत एकदा वेळेचा सूक्ष्म फरक पडण्याचा संभव निर्माण झाला होता. उड्डाण दोन दिवस लांबले. दोष ना रॉकवेलच्या कामात होता, ना आयबीएमच्या गणितात. दोन कामे जेथे एकमेकांस भिडतात तेथे तो उघडकीस आला.

असाच सांधा 1999 साली फार महागात पडला. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 11 डिसेंबर 1998 रोजी मंगळाकडे निघाले. ते बांधण्याचे व चालविण्याचे काम लॉकहीड मार्टिन कंपनीकडे, तर मार्गनिश्चिती पासाडेना येथील प्रयोगशाळेकडे होती. यानाला सौरघटांचा एकच पंखा एका बाजूस असल्याने सूर्यप्रकाशाच्या दाबाने ते वळू पाही. त्याला आतील फिरती चक्रे आवर घालीत, आणि चक्रांचा वेग वाढला की लहान इंजिने क्षणभर पेटवून तो उतरवावा लागे. हे अपेक्षेपेक्षा दहा ते चौदा पटींनी अधिक वेळा करावे लागले. प्रत्येक वेळी यानास बसलेल्या धक्क्याचा आकडा कंपनीची आज्ञावली प्रयोगशाळेकडे पाठवी. दोघांमधील लेखी विनिर्देशानुसार तो न्यूटन-सेकंदांत हवा होता. प्रत्यक्षात तो पौंड-सेकंदांत येत होता. म्हणजे खऱ्या धक्क्याच्या सुमारे साडेचारांश एवढाच हिशेबात धरला जाई.

एवढी ढोबळ चूक नऊ महिने कशी टिकली? पहिले चार महिने या नोंदी मांडणीतील दोषांमुळे वापरताच आल्या नाहीत. एप्रिलमध्ये त्या सुरळीत झाल्या, तेव्हा आकडे जुळत नसल्याचे मार्गनिश्चिती करणाऱ्यांना जाणवले. परंतु यानाला मिळणारे धक्के बहुतांशी पृथ्वीच्या दृष्टिरेषेला काटकोनात असल्याने रेडिओ-लहरींच्या मोजणीवरून ते ताडणे कठीण होते. शंका व्यक्त झाल्या त्या पत्रांत आणि संभाषणांत. विहित नमुन्यावर त्या नोंदल्या न गेल्याने त्यांचा पाठपुरावा करणे कोणाचेच काम ठरले नाही. यान मंगळापासून 226 किलोमीटर उंचीवरून जावयाचे होते. शेवटच्या आठवड्यातील हिशेब 150 ते 170 दाखवू लागले, आदल्या दिवशी 110. मार्ग सुधारण्याची एक संधी शिल्लक होती. ती घेतली गेली नाही. 23 सप्टेंबर रोजी यान ग्रहाआड गेले ते पुन्हा बोलले नाही. मागाहून काढलेल्या हिशेबाने उंची 57 किलोमीटर भरली. 80 च्या खाली यान तगण्याची आशाच नव्हती.

नासाने नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल 10 नोव्हेंबरला आला. एककांची गल्लत हे मूळ कारण असल्याचे त्याने सांगितले. परंतु त्याबरोबर आणखी आठ कारणे नोंदविली. मार्गनिश्चितीच्या गटास यानाच्या रचनेची पुरेशी माहिती नसणे, गटांमधील संवाद तोकडा असणे आणि मनुष्यबळ अपुरे पडणे ही त्यांपैकी काही. त्याच सुमारास त्याच कंपनीने बांधलेले मार्स पोलर लँडर मंगळाच्या वाटेवर होते. दोन्ही संस्थांमध्ये जाणारे-येणारे सगळे आकडे व त्यांची एकके पुन्हा तपासून घ्यावीत, अशी मंडळाची शिफारस होती. 3 डिसेंबर रोजी उतरतेवेळी तेही नाहीसे झाले. त्याचे बहुधा कारण निराळे निघाले : पाय उघडताना बसलेला हिसका म्हणजेच जमिनीचा स्पर्श, असे समजून संगणकाने इंजिने अकाली बंद केली असावीत.