घोरणे, श्वास आणि दंतवैद्य

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. घरोघरी त्याला कुंभकर्ण म्हणून थट्टाही चालते. परंतु घोरता घोरता आवाज एकाएकी बंद पडतो, काही क्षण सारे शांत होते आणि मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो, तेव्हा ती थट्टेची बाब राहत नाही. या विकारास निद्राश्वासरोध किंवा स्लीप ॲप्निया म्हणतात. त्याच्या उपचारात दंतवैद्याचा वाटा कोणता, हे येथे थोडक्यात पाहू.

झोपेत जिभेचे व घशाचे स्नायू सैल पडतात. उताणे निजल्यावर जीभ मागे सरकते. ज्यांचा घसा अरुंद, मान जाड किंवा खालचा जबडा आत असतो, त्यांची श्वासाची वाट अशा वेळी बंद होऊ शकते. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि वाट मोकळी होते. सकाळी रोग्याला यातले बहुधा काहीच आठवत नाही. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो श्वासरोध धरतात. असे पूर्ण वा अर्धवट अडथळे तासाला ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास तीव्र समजतात. उच्च रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघात यांच्याशी त्याचा संबंध आहे.

माझे थोरले काका भोपाळला असतात. भेलच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले आहेत. मुलीकडे इंदूरला मोटार घेऊन जाताना सीहोरच्या आसपास त्यांना हटकून डुलकी येई. "हे घोरतात त्याचं काही नाही रे, मध्येच थांबतात त्याची भीती वाटते," असे काकू मला म्हणाली होती. काका मात्र दवाखान्यात गेले ते झिजलेल्या दातांसाठी. तेथील दंतवैद्याने दातांबरोबर जिभेच्या कडांवरील दातांचे ठसे व अरुंद टाळूही पाहिली आणि विचारले, "दिवसा झोप येते का?"

तोंड उघडून घसा किती दिसतो, यावरून मूळचे भारतीय असलेले भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपती यांनी १९८५ साली एक वर्गवारी मांडली. ती भूल देताना नळी घालण्याच्या सोयीसाठी होती. आज श्वासरोधाचा संशय घेण्यासही ती उपयोगी पडते. परंतु संशय म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी रात्रभराची निद्राचाचणी लागते. काकांनाही प्रथम त्या चाचणीसाठी पाठविले. विकार मध्यम निघाला.

यावरचा प्रमुख उपाय म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ साली जगापुढे आणले. तीव्र विकारात आजही त्यालाच प्रथम स्थान आहे. मात्र काहींना मुखवटा सोसत नाही. काकांनाही सोसला नाही. अशांना, तसेच सौम्य व मध्यम विकारात, दंतवैद्याकडील उपकरण उपयोगी ठरते. दातांचे माप घेऊन वरच्या व खालच्या दातांवर बसणारे दोन साचे करतात. ते खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतात. जबड्याबरोबर जीभही पुढे येते आणि घसा मोकळा राहतो. जबडा एकदम न ओढता मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे आणतात. गुण आला की नाही, हे पुन्हा चाचणी करून ठरवितात. घोरणे थांबले एवढ्यावर विसंबत नाहीत.

या उपायाला मर्यादाही आहेत. आरंभी लाळ सुटते, जबडा आखडतो. पुढे दातांची ठेवण थोडी बदलू शकते. म्हणून ठराविक काळाने तपासणी हवीच. वजन उतरविणे, कुशीवर निजणे व मद्य टाळणे हे उपाय सोबत चालूच ठेवावे लागतात.

सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे उपकरणाला आधार द्यायला पुरेसे बळकट दात व निरोगी हिरड्या असाव्या लागतात. काकांच्या हिरड्यांचा उपचार आधी झाला, साचे नंतर. दात हलू लागले किंवा पडले, की हा मार्ग बराचसा बंद होतो. दात फक्त चावण्यासाठी व हसण्यासाठी आहेत, असे आपण मानतो. उतारवयात श्वासाची वाट उघडी ठेवण्याचे कामही त्यांच्याकडे येऊ शकते. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, घरात कोणाचा श्वास झोपेत अडखळत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. आणि रात्री दात घासून निजण्याचा कंटाळा करू नका.