महाविद्यालयाच्या दारात

दहावीचा निकाल लागला की तुम्ही अकरावीत प्रवेश घ्याल. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. काही गावांत उर्दू कनिष्ठ महाविद्यालये आहेत. पण तुमच्यापैकी अनेकांना मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसावे लागेल. कोणी मोताळ्याहून एस.टी.ने राजूर घाट चढून बुलढाण्याला येईल, तर कोणी खामगावला जाईल. कला शाखेत बहुधा मराठीतून शिकवतात, विज्ञान शाखेत इंग्रजीतून. तुम्ही मात्र दहा वर्षे उर्दूतून शिकलेले आहात.

अशा वेळी काय होते, ते नीट ऐका. शाळेत पहिल्या बाकावर बसणारा मुलगा महाविद्यालयात मागच्या बाकावर जाऊन बसतो. त्याला शंका असते, पण तो विचारत नाही. मग तो एखादा तास चुकवतो, पुढे दोन चुकवतो. दिवाळीनंतर त्याचे नाव फक्त हजेरीपटावर उरते. त्याला विषय येत नव्हता काय? येत होता. विषयाची नवी नावे तेवढी त्याला ठाऊक नव्हती.

एक उदाहरण घ्या. तुम्ही मुसल्लस शिकलात. मराठीत त्याला त्रिकोण म्हणतात, इंग्रजीत ट्रँगल. मुसल्लसच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते. त्रिकोणाचीही तेवढीच आणि ट्रँगलचीही तेवढीच! कीमिया म्हणजे रसायनशास्त्र, म्हणजेच केमिस्ट्री. नाव बदलले, तरी तुम्ही मिळवलेले ज्ञान वाया जात नाही.

म्हणून सुट्टीतच एक वही करा. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा : उर्दू, मराठी आणि इंग्रजी. रोज दहा शब्द लिहा. दोन महिन्यांत सहाशे शब्द होतील. वर्गात सर बोलू लागले की त्यांतले कितीतरी शब्द ओळखीचे वाटतील.

मराठी तुम्हांला वाटते तितकी परकी नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात जा. तेथे अर्ज, तारीख, मुदत, रक्कम, जमा, मंजूर, हजर, गैरहजर हे शब्द कानावर पडतील. हे सारे तुमच्या घरातलेच आहेत. मात्र काही शब्दांनी मराठीत येऊन अर्थ बदलला आहे. उर्दूत दाखला म्हणजे प्रवेश. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. उर्दूत सही म्हणजे बरोबर. मराठीत सही म्हणजे स्वाक्षरी. ‘अर्ज खालच्या खोलीत मिळतील’ असे कोणी सांगितले, तर रिकामी खोली शोधत बसू नका. तळमजल्यावर जा!

बोलताना चुका होतील. किताब स्त्रीलिंगी आहे, म्हणून तुम्ही ‘माझी पुस्तक’ म्हणाल. कोणी हसेलही. हसणारा दुसऱ्या दिवशी ते विसरून जातो. पण न विचारलेली शंका परीक्षेपर्यंत तुमच्याबरोबर राहते. वर्गात धीर झाला नाही, तर तास संपल्यावर सरांना किंवा मॅडमना भेटा. ‘सर, मी उर्दू माध्यमातून आलो आहे. हा शब्द पुन्हा समजावून सांगाल का?’ एवढे वाक्य पुरे आहे. असे सांगण्यात कमीपणा नाही.

महाविद्यालयात गृहपाठ झाला की नाही, हे रोज कोणी विचारणार नाही. ही मोकळीक सांभाळायची असते. ७५ टक्के हजेरी आवश्यक असते, हे लक्षात ठेवा. पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाचे कार्ड आणि एस.टी.चा सवलतीचा पास काढा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख सूचना फलकावर पाहा. मुलींनो, तुमच्या गावच्या दोघी-तिघी असाल, तर एकाच गाडीने जा-या करा. घरच्यांची काळजी कमी होईल.

मराठी बोलणारा एक मित्र जोडा. त्याला तुम्ही गणित समजावून सांगा, तो तुम्हांला वाक्य दुरुस्त करून देईल. आणि पहिल्या दिवशी बसायला जागा शोधाल, तेव्हा शाळेतला तुमचा पहिला बाक आठवा. तेथेही तोच धरा.

स्वाध्याय
१. हुशार मुलगा मागच्या बाकावर का जाऊन बसतो?
२. ‘दाखला’ आणि ‘सही’ या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा.
३. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील दहा शब्द तीन रकान्यांत लिहा.