सिकलसेल एकच, मग इतकी केंद्रं कशाला?

प्रश्न : माझ्या भाचीला सिकलसेल आहे, एसएस. उपचार नागपूरला चालतात. तिथे ‘अनेक केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास’ असं कानावर येतं. आजार एकच, तर एखाद्या मोठ्या दवाखान्याने तो नीट अभ्यासला तर भागत नाही का? आणि आमच्या पदरात त्यातून काय पडतं?
— एक वाचक, लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : नाही भागत. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, मूळ दोष एवढाच. पण एका मुलीला वर्षातून एखादी कळ येते आणि दुसरी दर महिन्याला भरती होते. त्यामुळे औषधाने गुण आला की मूळचाच त्रास कमी होता, हे चार-दोन रुग्णांवरून ठरत नाही. अमेरिकेत लहान मुलांना रोज पेनिसिलिन द्यावं का, हे पाहायला 23 केंद्रांनी मिळून 215 मुलं जमवली. न्यूमोकॉकस जंतूचा गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी घटला, इतका की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. हे 1986 साली प्रसिद्ध झालं.

आपल्याकडचा पेच वेगळा होता. भारतीय रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, म्हणून इथला आजार सौम्य, असं बरीच वर्षं मानलं गेलं. नागपूरच्या बालरुग्ण विभागात मात्र कळांनी विव्हळणारी, पुन्हापुन्हा रक्त चढवावं लागणारी मुलं येत होती. तिथल्या डॉ. दीप्ती जैन यांच्या चमूने ही मुलं पाहिली, मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिर विज्ञान संस्थेच्या डॉ. रोशन कोला सोबत आल्या, आणि जमैकात सारी कारकीर्द याच आजारावर घालवलेले ग्रॅहम सर्जंट तुलनेचा अनुभव घेऊन आले. मध्य भारतातला सिकलसेल तीव्रही असू शकतो, हे 2016 साली त्यांनी मिळून मांडलं. तिघांपैकी एकट्याला हे इतक्या खात्रीने म्हणता आलं नसतं.

तुमच्या भाचीला हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल, तर पदरात पडलेलं तेच. परदेशात हे औषध रोज वजनाच्या किलोमागे 15-20 मिलिग्रॅमपासून सुरू करून वाढवत नेतात. नागपूरला 60 मुलांवर झालेल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 10 मिलिग्रॅमच्या ठरावीक मात्रेनेच कळा कितीतरी कमी झाल्या. मात्रा कमी म्हणजे खर्च कमी आणि रक्तपेशी घटण्याची भीतीही कमी.

पण केंद्रांच्या या साखळीचं गावाकडचं टोक मला अजून कच्चं वाटतं. आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते : द्रावणात रक्ताचा थेंब टाकला आणि त्यात सिकलचं हिमोग्लोबिन असलं की नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. वाहक असो वा रुग्ण, द्रावण दोघांचंही गढूळच होतं. एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे रुग्ण, हे पुढच्या तपासणीत कळतं, आणि तो रिपोर्ट घरी पोचला नाही तर आधीचं सगळं वाया. औषध घेणाऱ्यांच्या पेशींची नियमित मोजणी तालुक्यालाच व्हायला हवी. नागपूरच्या खेपेत आईची मजुरी बुडते.

शिवाय काही प्रश्न तुमच्याकडूनच यायला हवेत. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं आणि अतिश्रम, या तिन्हींनी कळ उठते. पावसाळ्यात दिवसभर धानाच्या बांधीत ओणवी राहून रोवणा करणाऱ्या बाईच्या वाट्याला हे तिन्ही एकदम येतात. तिने काय जपावं, याचं उत्तर परदेशात मिळायचं नाही. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

भाचीला अभ्यासात घ्यायचं म्हटलं, तर सही करण्याआधी विचारा : रक्त कुठे जाणार, कशासाठी वापरणार, रिपोर्टची प्रत आम्हाला मिळणार का? तिचं वय 7 ते 18 असेल तर पालकांच्या संमतीबरोबर तिचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडता येतं. त्यामुळे तिचे उपचार थांबवता येत नाहीत.